दिवाळी, दिवाळे आणि आमचे मेव्हणे

दिवाळी आणि दिवाळे या दोन शब्दांत अंतर किती? एका वेलांटीचे! पण तेवढ्याने माणसाच्या तोंडचे पाणी कसे पळते, ते मी गेल्या दिवाळीत सिन्नरला पाहिले.

आमचे मेव्हणे माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत शेड उभारण्याची कंत्राटे घेतात. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी त्यांना नोटीस आली. त्यांनी ज्या कारखान्याचे काम केले तो बुडाला होता, आणि त्याचा कारभार हाती घेतलेले अधिकारी म्हणत होते, ‘मिळालेले अकरा लाख परत करा!’

“दादा, घाम गाळून मिळवलेला पैसा परत कसा मागतात रे?” बहीण रडवेली झाली.

कारखाने बुडणे सिन्नरकरांना नवे नाही. गुळवंचजवळचा १,३५० मेगावॉटचा सिन्नर थर्मल पॉवर हा वीजप्रकल्पही २०२२ मध्ये नादारीच्या कायद्याखाली आला. (आमचा कारखाना तो नव्हे.) पण दिलेला पैसा परत मागणे? मला तर हा दरोडाच वाटला. म्हणून मी कायदा उघडला.

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेचे ४३ वे कलम सांगते, की डबघाईच्या कंपनीने एकाचेच जुने देणे भागवून त्याला इतर धनकोंच्या पुढे नेले, तर तो पक्षपात. न्यायाधिकरणाने प्रकरण दाखल करून घेण्यापूर्वीच्या एका वर्षातले असे देणे रद्द होऊ शकते. घेणारा कंपनीच्या गोतावळ्यातला असेल, तर दोन वर्षांतले. १९५६ च्या कंपनी कायद्यात ही मुदत सहा महिन्यांची होती आणि पक्षपाताचा हेतू दाखवावा लागे. आता हेतू पाहत नाहीत.

सुटकेची वाट एकच: देणे नेहमीच्या व्यवहारातले हवे. तेही देणारा आणि घेणारा या दोघांच्याही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जेपी इन्फ्राटेकच्या प्रकरणात सांगितले.

तीन रात्री आम्ही बिले लावत बसलो. आठ लाखांची बिले ठरल्याप्रमाणे पंचेचाळीस दिवसांनी चुकती झालेली. उरलेले तीन लाख मात्र मेव्हण्यांनी कारखान्याच्या दारात ठिय्या देऊन, थकलेल्या बिलांपोटी एकदम वसूल केले होते.

“कँटीनवाला माझ्या शेजारीच बसला होता,” मेव्हणे हळूच म्हणाले. “त्याला काहीच मिळालं नाही.”

मी गप्प झालो. पंगतीत अन्न थोडे आणि पाने फार, तेव्हा एकाच्या पानातला जादा लाडू दुसऱ्याच्या पानातून गेलेला असतो. कायद्याला म्हणायचे आहे ते एवढेच.

आठ लाखांसाठी आम्ही कागदांनिशी उत्तर दिले आहे. तीन लाख गेलेच, तर त्यांचा दावा लावता येईल. पण कंपनी मोडीत निघाली, तर तारण घेतलेल्या बँका आणि कामगार रांगेत आधी. निकाल अजून लागायचा आहे.

वाचकहो, तुमच्या घरी कुणी कंत्राटदार असेल, तर यंदा वहीपूजनाला बिलांची फाइलही मांडायला सांगा, तारखांसकट!