आरंभीच्या मोटारगाड्यांतील इंधन गाळणीची चाचणी

इंधन गाळणी हा टाकी आणि कार्ब्युरेटर यांच्या दरम्यान बसवलेला, पेट्रोलमधील गंज, वाळू व पाणी अडवणारा भाग होय. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांतील अनेक गाड्यांत पेट्रोल पंपाविना, केवळ गुरुत्वाकर्षणाने कार्ब्युरेटरपर्यंत उतरत असे. म्हणून अशा गाडीची गाळणी किती कचरा अडवते याइतकेच ती किती पेट्रोल वाहू देते, हेही चाचणीत पाहावे लागते. जुन्या गाड्या जतन करताना या दुसऱ्या बाजूकडे बरेचदा दुर्लक्ष होते.

पार्श्वभूमी

नळी तुंबण्याची तक्रार मोटारीइतकीच जुनी आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ यांनी मानहाइम ते फोर्झहाइम प्रवास केला, तेव्हा तुंबलेली इंधननळी त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केल्याचे सांगतात. विल्हेल्म मायबाख यांच्या १८९३ च्या फवारा पद्धतीच्या कार्ब्युरेटरनंतर बारीक छिद्राचा जेट रूढ झाला आणि स्वच्छ इंधनाची गरज वाढली. डब्यातून मिळणारे पेट्रोल टाकीत ओतताना नरसाळ्यात पितळी जाळी किंवा शामॉय नावाचे मऊ चामडे धरीत. आधी पेट्रोलने भिजवलेल्या या चामड्यातून पेट्रोल झिरपते, पाणी मात्र वरच राहते. फोर्ड मॉडेल टी (१९०८–१९२७) या गाडीत टाकीच्या तळाशी जाळी व गाळ साचण्याची वाटी असे. वाटीची तोटी उघडली की पाणी निघून जाई.

प्रवाहाची चाचणी

पेट्रोलच्या ३० सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाचा दाब जेमतेम २.२ किलोपास्कल भरतो. नंतरच्या काळातील यांत्रिक पंपाचा दाब साधारणतः याच्या दसपट असतो. पंपासाठी बनवलेली घडीच्या कागदाची गाळणी जुन्या गाडीत बसवल्यास सपाटीवर गाडी ठीक चालते, पण चढावर इंजिन उपाशी राहते. मॉडेल टीची टाकी अर्धीअधिक रिकामी असली की गाळणी स्वच्छ असूनही हीच अडचण येई, आणि चालक तीव्र चढ उलट्या गिअरमध्ये चढत.

चाचणीसाठी नळी कार्ब्युरेटरपासून सोडवून पेट्रोल मोजपात्रात घेतात आणि वेळ मोजतात. नळीचे तोंड फ्लोट कक्षाच्या प्रवेशद्वाराच्याच उंचीवर धरणे अत्यावश्यक आहे. ते खाली लोंबू दिले तर दाब वाढून गाळणी खोटीच उत्तीर्ण होते. टाकीत इंधन कमी ठेवून, आधी गाळणीशिवाय आणि मग गाळणीसह, अशा दोन्ही नोंदी घ्याव्यात. २० अश्वशक्तीच्या इंजिनाला पूर्ण भाराखाली ढोबळ हिशेबाने ताशी ८ लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे १३० मिलिलिटर पेट्रोल लागते; प्रवाह याच्या दुप्पट असलेला बरा. टाकीचे झाकण सैल करताच प्रवाह वाढला, तर दोष गाळणीचा नसून झाकणातील हवेच्या छिद्राचा असतो.

ही चाचणी उघड्यावर, इंजिन थंड असताना, बॅटरीची जोडणी काढून आणि अग्निशामक जवळ ठेवूनच करतात.

गाळण्याची क्षमता

इंचाला १०० तारांच्या जाळीचे छिद्र सुमारे ०.१५ मिलिमीटर असते. जेटचे छिद्र बहुधा एक मिलिमीटरच्या आसपास असल्याने त्याच्या रक्षणाला ही जाळी पुरते. खरी नाजूक जागा फ्लोट कक्षाची सुई-झडप ही आहे. तिच्या बैठकीवर बारीकसा कण अडकला तरी झडप पूर्ण मिटत नाही, कक्ष भरून वाहतो आणि पेट्रोल तापलेल्या नळकांड्यावर ठिबकून आग लागू शकते. त्यामुळे गाळलेले पेट्रोल काचेच्या बरणीत रात्रभर स्थिर ठेवून तळाचे पाणी पाहतात, आणि पांढऱ्या गाळणकागदातून ओतून उरलेले कण भिंगाखाली तपासतात. प्रयोगशाळेत कण मोजून गाळणीची कार्यक्षमता ठरवण्यासाठी आयएसओ १९४३८ हे मानक आहे. मात्र ते आधुनिक गाळण्यांसाठी असल्याने गुरुत्वप्रवाहाच्या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल

भारतात २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल २०२३ पासून विकले जाऊ लागले. इथेनॉल जुन्या टाकीतील चिकट थर सोडवते, त्यामुळे सुरुवातीच्या काही भरण्यांत गाळणी लवकर तुंबते. इथेनॉल पाणीही शोषते. पाण्याचे प्रमाण फार वाढले की पाणी व इथेनॉल यांचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. असे पेट्रोल वापरणाऱ्या जुन्या गाडीची वाटी वरचेवर रिकामी करून प्रवाहाची चाचणी पुन्हा घ्यावी लागते.