कोसळलेली शहरं : डोकं एकाचं, धड दुसऱ्याचं

लंडनहून एका वाचक बाईंचं पत्र आलंय. ब्रिटिश म्युझियममध्ये त्यांनी कोपानचा मकादेव पाहिला. 'मूर्ती देखणी आहे, पण खांद्यांच्या मानाने डोकं मोठं वाटतं. माया शिल्पकारांची ही पद्धतच होती का?' असं त्या विचारतात. हा प्रश्न सोडून पुढे जायला मन घेत नाही.

बाईंची नजर पक्की आहे. ते डोकं बहुधा त्या धडाचं नाहीच.

हा मकादेव होंडुरासमधल्या कोपानच्या 22 क्रमांकाच्या इमारतीवरचा. राजा वाशाक्लाहुन उबाह कविल याने इसवी सन 715 मध्ये ती बांधली. वरच्या पट्टीवर असे कितीतरी मकादेव ओळीने बसवले होते : डोक्यावर कणसाचा तुरा, कणसाच्या केसांसारखे मऊ केस, मिटल्यासारखे डोळे, एक हात वर, एक खाली. डोकं वेगळ्या दगडात, धड वेगळ्या दगडात. इमारत ढासळली तेव्हा सगळी डोकी, सगळी धडं पायथ्याशी एकत्र आली. आल्फ्रेड मॉडस्ले यांनी 1885 मध्ये तिथे खोदकाम केलं. त्यानंतर केव्हातरी एक डोकं एका धडावर बसलं आणि तीच जोडी आज संग्रहालयात आहे.

कोपानचा सगळा पेच या जोडीत दिसतो. इथल्या दर्शनी भिंतींवरचं शिल्प एकसंध नाही. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या दगडाचे चिरे वेगवेगळे कोरायचे आणि भिंतीत शेजारी शेजारी बसवून चित्र पुरं करायचं. एका चिऱ्यावर डोळा, दुसऱ्यावर पिसांची टोकं. प्रत्येक चिऱ्याला मागे लांब शेपूट, ती भिंतीच्या आत रुतवलेली. आतला भराव मातीचा. पाऊस मुरला, झाडांची मुळं शिरली, भिंत पुढे कलंडली, की सगळं चित्र दगडादगडाने जमिनीवर.

पण पडण्याने फारसं बिघडत नाही. पडलेला दगड ज्या भिंतीवरून आला तिच्याजवळच असतो. खरं नुकसान उचलण्याने झालं. आधीच्या मोहिमांत वाट मोकळी करायला, बांधकाम दुरुस्त करायला दगड बाजूला घेतले आणि ढीग रचले. कुठला कुठून आला, नोंद नाही. त्या लोकांना नावं ठेवायची नाहीत मला. त्यांच्यातल्याच कार्नेगी इन्स्टिट्यूशनने 1930 च्या दशकात कोपानजवळच्या नदीचा प्रवाह वळवला नसता तर तिने या इमारतींखालच्या टेकडीचा आणखी लचका तोडला असता. तरी ते ढीग पाहिले की जीव तुटतो.

1985 मध्ये बार्बरा फॅश, विल्यम फॅश आणि रुडी लारिओस या संशोधकांनी या हजारो तुकड्यांची नोंद हाती घेतली. प्रत्येकाला क्रमांक, माप, फोटो, रेखाटन आणि सापडल्याची जागा. मग गट पाडायचे : नक्षी काय, कोरीवकाम किती खोल, आकार केवढा, शेपूट कशी. कोरलेली बाजू सगळेच बघतात. मला मात्र ती ओबडधोबड शेपूट जास्त आवडते. दगड आडवा बसायचा की कोपऱ्यावर, हे बरेचदा तीच सांगते. जुळणारे तुकडे वाळूत मांडून बघायचे, कारण वाळूत शेपूट रुतते आणि दगड भिंतीतल्यासारखा उभा राहतो.

ठेवायचं कसं, हा वेगळा प्रश्न. दगडावर दगड रचला की कोरीवकाम घासलं जातं, उघड्यावर शेवाळ चढतं. पण माझ्या मते सगळ्यात मोठा धोका क्रमांक पुसला जाण्याचा. क्रमांक गेलेला दगड पुन्हा ढिगातला दगड होतो.

या चिकाटीचं फळ शेजारच्या 22-अ इमारतीत मिळालं. तिथला ढिगारा काळजीपूर्वक, जागा टिपत उपसला. भिंतीवर चटईच्या विणीची नक्षी जुळून आली. माया लोकांत चटई म्हणजे सत्तेचं आसन. सोबत बसलेल्या माणसांच्या आकृती आणि खाली स्थळांची वाटावीत अशी मोठी अक्षरचिन्हं, त्यातलं एक मासा. बार्बरा फॅश यांच्या मते हे सभागृह होतं आणि त्या आकृती वेगवेगळ्या वस्त्यांच्या प्रतिनिधींच्या. इमारत साधारण 746 ची. म्हणजे मकादेव बसवणाऱ्या राजाला 738 मध्ये किरिग्वा या दुसऱ्या माया शहराच्या राजाने पकडून मारलं, त्यानंतर आठेक वर्षांनी कोपानच्या गादीने इतरांना शेजारी बसवून घेतलं असावं.