कृष्णधवल छायाचित्राची कसोटी

छायाचित्रांच्या स्पर्धांत आणि प्रदर्शनांत ‘कृष्णधवल’ किंवा ‘एकवर्णी’ या नावाचा एक स्वतंत्र विभाग असतो. ज्यात रंग नाही ते कृष्णधवल, असा या शब्दाचा अर्थ सर्वसामान्यतः समजला जातो. परंतु प्रत्यक्ष परीक्षणाच्या वेळी हा अर्थ पुरा पडत नाही. सबंध चित्र तपकिरी असले तरी ते या विभागात स्वीकारले जाते. उलट ज्याचा बहुतेक सर्व भाग करडा असून केवळ एक फूल लाल ठेवलेले आहे, असे चित्र बाद ठरते. रंगाचे प्रमाण हीच कसोटी मानली, तर हा न्याय उफराटा म्हणावा लागेल. कारण पहिल्या चित्रात रंग सर्वत्र पसरलेला आहे आणि दुसऱ्यात तो तिळाएवढा आहे. ही विसंगती खरी आहे की केवळ भासमान, आणि कृष्णधवलतेचे मर्म कशात आहे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

हा प्रश्न केवळ शब्दांचा नव्हे. विभागाच्या व्याख्येत न बसणारे चित्र त्याच्या गुणदोषांचा विचार होण्यापूर्वीच बाजूला ठेवले जाते. शिवाय अशा व्याख्येमुळे छायाचित्रणाच्या दीर्घ परंपरेतील कोणत्या पद्धती कृष्णधवल कलेत गणल्या जाव्यात आणि कोणत्या तिच्या बाहेर राहाव्यात, याचाही नकळत निवाडा होत असतो.

या बाबतीत दोन संस्थांच्या व्याख्या विशेष प्रमाणभूत मानल्या जातात. पहिली संस्था म्हणजे १९५० मध्ये बर्न येथे स्थापन झालेला, ‘फियाप’ या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा आंतरराष्ट्रीय छायाचित्रण कला महासंघ; दुसरी, १९३४ मध्ये स्थापन झालेली अमेरिकेची फोटोग्राफिक सोसायटी. भारतात १९५३ मध्ये छायाचित्रण महासंघ स्थापन झाला, आणि येथील अनेक प्रदर्शने या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या मान्यतेने भरतात. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या स्पर्धकालाही या व्याख्यांशी परिचय ठेवावा लागतो.

फियापने दीर्घकाळ वापरलेल्या व्याख्येचा आशय असा : अतिगडद करड्यापासून, म्हणजे काळ्यापासून, अतिफिकट करड्यापर्यंत, म्हणजे पांढऱ्यापर्यंत, करड्याच्या विविध छटांनी बनलेली कृती ती एकवर्णी कृती. अशा कृतीला सर्वत्र एकाच रंगाची झाक दिली, तरी ती कृष्णधवल विभागातच राहते आणि प्रदर्शनाच्या सूचिग्रंथात ती काळ्या-पांढऱ्यात छापता येते. पण झाक केवळ काही भागाला दिली, अथवा एखादा रंग वेगळा मिसळला, तर ती बहुवर्णी ठरून रंगीत विभागात जाते. अमेरिकन सोसायटीची व्याख्या याच धर्तीची आहे. तिने मात्र ‘तसा प्रत्यय येणे’ या अंगावर भर दिला आहे. चित्र पाहताना त्यात रंग नाही असा, किंवा करड्या चित्राला सर्वत्र एकच रंग दिला आहे असा प्रत्यय येत असेल, तरच ते एकवर्णी.

या व्याख्यांत काय सांगितलेले नाही, तेही पाहण्यासारखे आहे. कॅमेरा कोणता, फिल्म कोणती, मूळ दृश्य रंगीत टिपले होते किंवा कसे, छापण्याची क्रिया रासायनिक होती की संगणकीय, यांपैकी एकाही गोष्टीला त्यांत स्थान नाही. निर्णय करावयाचा तो समोरच्या चित्रावरून. त्याच्या जन्मकथेवरून नव्हे.

एकरंगी झाक स्वीकारण्यामागे इतिहासाचा आधार आहे. शुद्ध करड्या रंगाचे छायाचित्र ही छायाचित्रणाची आद्य अवस्था नव्हेच. जॉन हर्शेल याने १८४२ मध्ये शोधलेल्या सायनोटाइप पद्धतीत लोहक्षारांपासून प्रशियन निळा रंग तयार होतो व सबंध चित्र निळे उमटते. १८५० मध्ये ब्लांकार-एव्रार याने प्रचारात आणलेल्या अल्ब्युमेन कागदावरील चित्रे तपकिरी किंवा जांभळट तपकिरी दिसत. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या सभासदांपैकी एक होते. त्या काळातील कागदावरच्या प्रतीही बहुधा तपकिरी छटेच्याच असत. पुढे ब्रोमाइड कागद रूढ झाल्यावर करडे चित्र सामान्य झाले. तरीही चित्रातील चांदीचे सिल्व्हर सल्फाइडमध्ये रूपांतर करून त्याला सेपिया छटा देण्याची पद्धत टिकून राहिली, कारण त्यामुळे चित्र अधिक टिकाऊही होते. केवळ करड्यालाच कृष्णधवल म्हणावे असा आग्रह धरला असता, तर एकोणिसाव्या शतकातील बहुतेक चित्रसंपदा या विभागाबाहेर गेली असती.

तथापि इतिहासाचा दाखला हा समर्थनाचा केवळ एक भाग झाला. या भेदाला तात्त्विक आधारही आहे. कोणत्याही दृश्य बिंदूचे वर्णन तीन गुणांनी करता येते : वर्ण, म्हणजे तो तांबडा, पिवळा की निळा, त्या वर्णाची गडदता, आणि उजळपणा. रंगीत चित्रात दोन वस्तूंमधील भेद यांपैकी कोणत्याही गुणाने दाखवता येतो. सारख्याच उजळपणाची हिरवी पाने आणि तांबडे फूल त्यात वेगळी दिसतात ती केवळ वर्णभेदामुळे. एकवर्णी चित्रात हा मार्ग बंद असतो. तेथे आकार, अंतर, पोत आणि प्रकाश या सर्वांना उजळपणाच्या एकाच मोजपट्टीवर आपापली जागा शोधावी लागते.

या दृष्टीने पाहिले असता आरंभीची विसंगती नाहीशी होते. सेपिया चित्रातील तपकिरी रंग सर्वत्र सारखा असल्यामुळे तो एका वस्तूला दुसरीपासून वेगळे करीत नाही. तो चित्राचा भाव बदलतो, रचना बदलत नाही. अशा चित्राची काळ्या-पांढऱ्यात प्रत काढली तर एकही आकार हरवत नाही. सूचिग्रंथातील छपाईविषयी फियापने केलेल्या उल्लेखाचे मर्म हेच. लाल फुलाच्या चित्राची तशी प्रत काढली, तर ज्या भेदावर ते चित्र उभे आहे तो भेदच पुसला जातो. हाताने रंगविलेल्या जुन्या छायाचित्रांनाही हाच न्याय लागू पडतो. भारतात अशा चित्रांची मोठी परंपरा होती; परंतु मूळ छायाचित्र एकवर्णी असले, तरी गालांवरची लाली आणि जरीचा सोनेरी रंग उमटल्यावर ती कृती बहुवर्णी होते.

येथे अशी शंका संभवते, की दृश्यातील प्रकाशाशी जे इमान राखते तेच ‘खरे’ कृष्णधवल का मानू नये? याचे उत्तर असे, की रंगांचे करड्यात होणारे रूपांतर कधीच एकमेव नसते. आरंभीच्या प्लेटी निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील आणि तांबड्याला जवळजवळ अंध असत. म्हणून आकाश पांढरेफटक आणि तांबडी वस्त्रे काळी उमटत. हेर्मान फोगेल याने १८७३ मध्ये रंजकद्रव्ये मिसळून प्लेटींची संवेदनशीलता वाढविता येते असे दाखविले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या प्लेटी बाजारात आल्या. त्यांवरही तांबडा फिल्टर लावला की निळे आकाश काळवंडते आणि ढग उठून दिसतात. संगणकीय रूपांतरात तांबडा, हिरवा व निळा यांना अनुक्रमे ०.२९९, ०.५८७ व ०.११४ असे भार देण्याचा एक संकेत आहे. पण छायाचित्रकार हे भार स्वतःही ठरवू शकतो. तात्पर्य, करडी छटा ही निसर्गाने दिलेली नसून निवडीने ठरलेली असते. म्हणूनच रंगगाळण्या बसविलेल्या संवेदकावर टिपून नंतर करडे केलेले चित्र, आणि २०१२ मध्ये लायका कंपनीने आणलेल्या, रंगगाळण्या नसलेल्या कॅमेऱ्याने टिपलेले चित्र, यांत स्पर्धेचा नियम भेद करीत नाही.

असे असले तरी नियम आणि तत्त्व सर्वत्र एकमेकांशी जुळतात, असे मात्र म्हणता येत नाही. दुहेरी झाकेचे चित्र हे याचे उत्तम उदाहरण होय. सेपियाच्या क्रियेत विरंजक द्रावण प्रथम उजळ भागांवर परिणाम करते, तर सेलेनियमची क्रिया गडद भागांत आधी दिसू लागते. दोन्हींचा क्रमाने उपयोग केल्यास उजळ भाग उबदार तपकिरी आणि गडद भाग थंड किंवा जांभळट असे चित्र तयार होते. डार्करूममधील कुशल कारागिरीचा हा एक मान्य प्रकार आहे. या चित्रात वर्ण दोन असले, तरी ते उजळपणाशी बांधलेले आहेत. उजळपणा कळला की वर्णही कळतो. म्हणजे वर्णाने नवा भेद निर्माण केलेला नाही, आणि काळ्या-पांढऱ्या प्रतीत एकही आकार हरवत नाही. तत्त्वतः हे चित्र सेपियाच्या जवळचे. नियमाने मात्र ते रंगीत विभागात जाते. उलट संगणकावर करडे केलेले रंगीत चित्र निर्वेधपणे एकवर्णी विभागात प्रवेश करते.

या कठोरपणाचे कारण व्यावहारिक आहे. परीक्षकासमोर चित्र अल्पकाळ असते, आणि झाक उजळपणाशी बांधलेली आहे की एखाद्या वस्तूला उठाव देण्यासाठी निवडून दिली आहे, हे त्या अवधीत निश्चित करणे दुष्कर आहे. ‘एक की अनेक’ ही सीमारेषा मात्र डोळ्याला चटकन दिसते. नियमाने तत्त्वाची सूक्ष्मता सोडून निर्णयाची निश्चितता पत्करली, आणि त्याची किंमत एका जुन्या कौशल्याला मोजावी लागली.

प्रत्ययावर आधारलेल्या कसोटीची दुसरी अडचण पाहण्याच्या परिस्थितीतून उद्भवते. रंगीत शायांनी छापलेली करडी प्रत दिवसाच्या उजेडात निर्मळ दिसते, पण विजेच्या पिवळसर दिव्याखाली तिच्यात हिरवट किंवा गुलाबी झाक जाणवू शकते. गडद भागांत एक व उजळ भागांत दुसरी झाक दिसू लागली, तर छायाचित्रकाराच्या हेतूविरुद्ध चित्राला दुहेरी झाकेचे रूप येते. पडद्यावर दाखविल्या जाणाऱ्या चित्रांच्या बाबतीत प्रक्षेपकाचे रंगसंतुलन बिघडल्यास तोच प्रकार घडतो. म्हणून प्रत्यय ही कसोटी मानणाऱ्या आयोजकांवर योग्य प्रकाशाची आणि तपासलेल्या साधनांची जबाबदारीही येऊन पडते.

विभाग बदलला की कसोटीही बदलते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. निसर्ग विभागासाठी फियाप, अमेरिकन सोसायटी आणि ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांनी स्वीकारलेल्या समान व्याख्येत रंगीत चित्राचे करड्या छटांत रूपांतर करण्यास मुभा आहे. अवरक्त किरणांनी घेतलेली चित्रे मात्र वर्ज्य आहेत. तेथे दृश्याशी राखलेले इमान हे मूल्य असल्यामुळे झाडांची पाने बर्फासारखी पांढरी दाखविणारे चित्र चालत नाही. एकवर्णी विभागाच्या वर सांगितलेल्या व्याख्यांत असे बंधन नाही. छटा कशा योजाव्यात याचे स्वातंत्र्य तेथे कलावंताला आहे.

म्हणून ‘खरे कृष्णधवल’ या शब्दप्रयोगातील खरेपणा चित्राच्या उगमात शोधता येत नाही, आणि रंगाच्या संपूर्ण अभावातही शोधता येत नाही. उजळपणाच्या एकाच श्रेणीत सर्व आशय मांडण्याचे बंधन त्या चित्राने पाळले आहे की नाही, यावर तो अवलंबून असतो. स्पर्धकाने चित्र पाठविण्यापूर्वी त्याची एक करडी प्रत काढून ती मूळ चित्राशेजारी ठेवावी. एखादा आकार, एखादे अंतर किंवा लक्ष वेधून घेणारी एखादी वस्तू त्या प्रतीत हरवली, तर चित्राचा विभाग रंगीतच समजावा. काहीच हरवले नाही, तर मूळ चित्रातील झाक सर्वत्र एकच आहे ना, एवढे पाहणे उरते.