रिसीव्हर कोणता निवडावा? जामनेरहून आलेला एक प्रश्न (भागाचं शब्दांकन)

जामनेरच्या एका श्रोत्याने आवाजी निरोप पाठवलाय. घरात आजोबांच्या वेळची .315 रायफल आहे, परवाना वडिलांच्या नावावर आहे. परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ बघून त्याच्या डोक्यात आलंय की एक चांगला रिसीव्हर निवडायचा, त्याला हवी ती नळी, हवा तो दस्ता लावायचा आणि आपली स्वतःची रायफल बनवायची. तो विचारतो, "जुनाच रिसीव्हर वापरू की दुसरा घेऊ?"

आधी रिसीव्हर म्हणजे काय ते बघू. नळी पुढून ज्यात बसते, बोल्ट मागून ज्यात सरकतो, खालून मॅगझीन आणि चाप ज्याला जोडलेले असतात, तो मधला पोलादी सांगाडा. नळी झिजते, बदलता येते. दस्ता तडकतो, बदलता येतो. रिसीव्हर बदलला की रायफलच दुसरी झाली. म्हणून लोक निवडीची सुरुवात इथून करतात.

गोळी सुटते तेव्हा काडतूस मागे ढकललं जातं. तो धक्का अडवतो बोल्ट, आणि बोल्टला अडवतात त्याचे खुंटे, जे रिसीव्हरच्या खाचांत अडकतात. दाराच्या कडीसारखंच. कडी कुठे बसवलीय, हा पहिला प्रश्न. 1898 च्या माउझरमध्ये दोन मोठे खुंटे बोल्टच्या पुढच्या टोकाला, काडतुसाच्या अगदी लगत असतात. तिसरा मागे, निव्वळ सुरक्षेसाठी. त्यामुळे सगळा ताण रिसीव्हरच्या पुढच्या जाड कड्यातच संपतो. शिवाय माउझरचा रुंद पंजा मॅगझीनमधून वर येणारं काडतूस लगेच कडेला पकडतो आणि शेवटपर्यंत सोडत नाही. जिम कॉर्बेट यांना चंपावतच्या नरभक्षक वाघिणीनंतर 1907 मध्ये भेट मिळालेली .275 रिग्बी याच माउझर घडणीवरची.

आता आपल्या भाऊच्या घरची .315. इशापूरच्या कारखान्याची ही रायफल ली-एनफिल्डच्या घडणीची. इंग्रजांनी लष्करी काडतुसं नागरिकांच्या हाती पडू नयेत म्हणून बंदी घातली, त्यातून हा वेगळा बोअर आपल्याकडे रुजला. ली-एनफिल्डचे खुंटे बोल्टच्या मागच्या बाजूला असतात. म्हणजे दर गोळीला बोल्टची जवळपास पूर्ण लांबी दाबली जाते आणि रिसीव्हरच्या भिंती ताणल्या जातात, पोलाद असलं तरी. बोल्ट चपळ चालतो, म्हणून सैनिकाला ही रचना आवडायची. पण जास्त दाबाच्या काडतुसाला ती नाही.

याचा पुरावा इशापूरमध्येच आहे. 1962 च्या युद्धानंतर तिथे याच घडणीची 7.62 मिमीची रायफल तयार झाली. काडतुसाचा दाब वाढला, म्हणून रिसीव्हरसाठी अधिक चांगलं पोलाद घ्यावं लागलं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच वाटतील. म्हणून जुन्या .315 वर नव्या काडतुसाची नळी चढवण्याचा विचार मी तरी तिथेच सोडून देईन. चेहऱ्यासमोर बोल्ट असतो, हे विसरून चालत नाही.

व्हिडिओत दिसतो तो बहुतेक वेळा 1962 मध्ये आलेल्या रेमिंग्टन 700 चा वंशज. गोल रिसीव्हर लेथवर सहज आणि नेमका बनतो, आणि त्याच मापाचे दस्ते, चाप, मॅगझीन शेकडो ठिकाणी मिळतात. तिथे रिसीव्हर निवडणं म्हणजे अर्धी बाजारपेठ निवडणं. पण ती बाजारपेठ अमेरिकेत आहे, जळगावात नाही.

कारण आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोडतात. बनवणं, रूपांतर करणं, दुरुस्त करणं, या प्रत्येकाला वेगळा परवाना लागतो. वडिलांचा परवाना बाळगण्याचा आहे, बनवण्याचा नाही. बोअर बदलणं हे रूपांतर. विनापरवाना शस्त्र बनवल्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. चोपड्यापलीकडच्या उमर्टीच्या बातम्या आपण वाचतोच. "मी तर हौसेने करत होतो" हे तिथे कोणी ऐकून घेत नाही. आणि वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी आपल्याच जिल्ह्यात आहे म्हणून गोळ्या-बिळ्यांची ओळख निघेल, असंही कोणी समजू नये. ती सरकारी आहे.

मग रिसीव्हरचं हे ज्ञान कुठे वापरायचं? तयार रायफल विकत घेताना. निरोपात त्याने शेवटी सांगितलं की खरी इच्छा लक्ष्यावर नेम मारायची आहे. तर मग .22. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांवर कांस्य मिळवलं, ते याच बोअरमध्ये. .22 मध्ये दाब कमी, म्हणून इथे खुंटे मागे असले तरी बिघडत नाही. इथे बघायचं ते वेगळं: रिसीव्हर दस्त्यात किती घट्ट बसतो, प्रत्येक गोळीनंतर त्याच जागी राहतो का, बोल्ट गालाची जागा न सोडता ओढता येतो का. आन्शुट्झच्या 1913 चा रिसीव्हर नळकांड्यासारखा, 2013 चा चौकोनी ठोकळ्यासारखा. सपाट तळ जास्त पृष्ठभागावर टेकतो, गोल रिसीव्हरला दस्त्यातलं बसवण्याचं काम जास्त काटेकोर लागतं. पण नेमबाज पहिल्या वर्षी हा फरक ओळखूच शकत नाही. आधी रायफल क्लबचं सदस्यत्व, क्लबच्या रायफलवर सराव, मग खरेदी. आणि त्याआधी 10 मीटर एअर रायफल, जी खिशालाही झेपते.

घरच्या .315 चं काय करायचं? काही नाही. जशी आहे तशी राहू द्या. परवानाधारक दुकानदाराकडे वडिलांनाच घेऊन जाऊन एवढं तपासून घ्या, की बोल्टवरचा आणि रिसीव्हरवरचा क्रमांक एकच आहे, आणि तो परवान्यावरच्या क्रमांकाशी जुळतो. ली-एनफिल्डच्या घडणीत बोल्टचं पुढचं टोक वेगळं, आट्यांनी बसवलेलं असतं. कोणी कधी दुसऱ्या रायफलचा बोल्ट घातला असेल, तर काडतुसामागची फट बदलते. तशी शंका आली, तर तपासणी होईपर्यंत तिच्यातून एकही गोळी झाडू नका.