मुक्या गिटारचा खटला

हातात घेतली तर अगदी हलकी, प्लास्टिकची. तारा नाहीत. दांडीवर हिरवं, लाल, पिवळं, निळं आणि नारिंगी अशी पाच बटणं आणि तारा छेडायच्या जागी एक पट्टी. ती खालीवर केली की टिक्, टिक्. टीव्ही बंद असेल तर हिच्याकडून एवढंच ऐकायला मिळतं. आता टीव्ही लावा. पडद्यावर रंगीत ठिपके सरकत येतात. ठिपका रेषेवर पोचला की त्या रंगाचं बटण दाबून पट्टी हलवायची. खोली दणाणून जाते!

ही करामत २००५ साली आलेल्या ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेमची. गाण्यातली गिटार कुणा खऱ्या वादकानं आधीच वाजवून, वेगळ्या ट्रॅकवर ठेवलेली असते. आपला ठोका बरोबर पडला की ती ऐकू येते. चुकला की गेम तेवढ्यापुरतं तिचं तोंड दाबतो. आपण तिला फक्त वाजू देत असतो.

याच बारीक फरकावर अमेरिकेतला एक खटला फिरला. गिब्सन ही खऱ्या गिटारी बनवणारी नामांकित कंपनी. ‘गिटार हीरो’च्या खेळण्यातल्या गिटारला आकारही तिच्याच ‘एसजी’ मॉडेलचा, रीतसर परवानगीनं. तरी जानेवारी २००८मध्ये गिब्सननं गेमच्या मालकाला, म्हणजे अ‍ॅक्टिव्हिजनला कळवलं, की हा गेम आमच्या १९९९च्या पेटंटवर उभा आहे. त्या पेटंटमधली कल्पना भन्नाट होती: डोक्यावर त्रिमितीय पडदा चढवायचा, त्यावर आधी चित्रित केलेली मैफल चालू करायची आणि आपलं वाद्य वाजवत तिच्यात सामील व्हायचं. मार्चमध्ये अ‍ॅक्टिव्हिजन आपणहून कॅलिफोर्नियातल्या कोर्टात गेली. गिब्सननं मग वॉलमार्टसारख्या, गेम विकणाऱ्या दुकानांनाही कोर्टात खेचलं.

पेटंटच्या दाव्यात शब्द न् शब्द मोजला जातो. त्यात सांगितलेली एकेक गोष्ट समोरच्या वस्तूत सापडावी लागते. एक जरी नसली तरी उल्लंघन नाही. गिब्सनच्या दाव्यात वाद्य होतं आणि त्या वाद्यातून निघणारा ध्वनीचा सिग्नल होता. प्लास्टिकची गिटार मात्र कुठलं बटण कधी दाबलं, एवढंच सांगते. न्यायाधीश मारियाना फेल्झर यांनी दाखवून दिलं, की दाव्याचा गिब्सननं लावलेला अर्थ धरला तर डीव्हीडीच्या रिमोटचं बटण आणि टेबलावर आपटलेली पेन्सिलही त्यात बसेल. फेब्रुवारी २००९मध्ये निकाल अ‍ॅक्टिव्हिजनच्या बाजूनं लागला.

सगळेच वाद असे निकालापर्यंत पोचत नाहीत. ‘गिटारफ्रीक्स’ हा तीन बटणांच्या गिटारचा गेम जपानच्या कोनामीनं १९९९मध्येच आणला होता. तिनं २००८मध्ये ‘रॉक बँड’ या अशाच गेमवर खटला भरला, तो २०१०मध्ये तडजोडीनं मिटला. त्याआधी ‘इन द ग्रूव्ह’ या नाचाच्या गेमवर तिनंच २००५मध्ये भरलेल्या खटल्याचा शेवट तर असा झाला, की त्या गेमचे हक्कच कोनामीकडे आले!

संस्कृतात ‘वद्’ म्हणजे बोलणं. ज्याला बोलतं करायचं ते वाद्य. वादही त्याच धातूचा, आणि कोर्टातले वादी-प्रतिवादीही. कॅलिफोर्नियातल्या त्या कोर्टापुढे प्रश्नही जवळपास हाच होता: ही गिटार स्वतःच्या तोंडानं बोलते का?

टीव्ही बंद करा आणि पट्टी हलवून पाहा. टिक्.