गवत कापायचे मशीन : इंजिन खोलण्यापूर्वी टाकी पाहा

मृगाचा पाऊस पडला की शेळगाव, अंथुर्णे, निमगाव केतकी या पट्ट्यात बांधावर, डाळिंबाच्या बागेत आणि शाळा-कारखान्यांच्या आवारात गवत माजते. मग अडगळीतले पेट्रोलचे मशीन बाहेर निघते. दोरी ओढून ओढून हात भरून येतो, पण इंजिन काही चालू होत नाही. मालक म्हणतो, 'इंजिन गेले'. घाईतला कारागीर लगेच इंजिन खोलतो. यात मालकाचे पैसे जातात, हंगामातले दिवस जातात आणि दुरुस्ती टिकली नाही तर कारागिराची पत जाते. ज्याने कर्ज काढून मशीन घेतले आणि जो रोजाने गवत कापून देतो, त्याची तर दोन्हीकडून कोंडी होते.

कापडाच्या व्यापाऱ्याने या विषयावर का लिहावे, असे कोणी विचारील. गवत कापायचे यंत्र मुळात कापडाच्या धंद्यातूनच आलेले आहे. इंग्लंडमधील स्ट्राउड परिसर लोकरी कापडासाठी प्रसिद्ध होता. तेथील गिरण्यांत कापडावर उभे राहिलेले तंतू एकसारखे कापण्यासाठी फिरत्या पात्यांचे यंत्र वापरीत. त्यावरूनच एडविन बडिंग या कारागिराला कल्पना सुचली आणि १८३० साली त्याने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे १९०२ साली इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने पेट्रोलवर चालणारे यंत्र विक्रीस आणले. आज आपल्याकडे दोन प्रकार दिसतात. चार चाकांचे लॉन मॉवर बहुधा फोर स्ट्रोक असते आणि खांद्याला अडकवायचे ग्रास कटर पुष्कळदा टू स्ट्रोक असते.

दोष शोधण्याचा क्रम

इंजिन चालण्यास तीन गोष्टी लागतात : पेट्रोल व हवा, ठिणगी आणि दाब. तपासणीही याच क्रमाने करावी, कारण सर्वांत स्वस्त दोष पहिल्या पायरीवर असतो व सर्वांत महाग दोष शेवटच्या.

पहिले पेट्रोल. उसापासून बनणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळलेले असते. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते. पाणी जास्त झाले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते, आणि इंजिनाला पेट्रोल तळातूनच मिळते. महिनोन्‌महिने राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये साचतो तो वेगळाच. म्हणून जुने पेट्रोल पूर्ण काढून ताजे भरावे आणि मगच पुढे जावे.

मशीन फक्त चोकवर चालत असेल आणि चोक काढताच बंद पडत असेल, तर जेट तुंबला आहे असे समजावे. आवाज आपोआप वर-खाली होत असेल तरी बहुधा हेच कारण असते. जेट हवेच्या दाबाने साफ करावा, तार खुपसू नये. भोक मोठे झाले तर माप कायमचे बिघडते. ग्रास कटरच्या कार्बोरेटरमध्ये रबरी पडदा असतो. तो कडक झाला असेल तर बदलावा. मशीन पंधरा-वीस मिनिटे चालून बंद पडत असेल तर टाकीचे झाकण सैल करून पाहावे. त्याने चालू झाले तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले आहे. काळा धूर येत असेल तर एअर फिल्टर पाहावा.

दुसरी ठिणगी. प्लग काढून त्याचा चेहरा पाहावा. पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल पोहोचते आहे, पण जळत नाही. अगदी कोरडा असेल तर पेट्रोल येतच नाही. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त व हवा कमी. पांढराफटक असेल तर इंजिन तापते आहे. फिकट तपकिरी रंग निरोगीपणाचा. बहुतेक लॉन मॉवरमध्ये प्लगची फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते. ठिणगी पाहताना सांडलेले पेट्रोल आधी पुसून घ्यावे.

पाते दगडावर आपटल्यानंतर मशीन सुरू होत नसेल किंवा दोरी उलटी झटका देत असेल, तर फ्लायव्हील बसवलेली छोटी चावी पाहावी. ती सरकली किंवा तुटली की ठिणगी चुकीच्या वेळी पडते. हा भाग अगदी स्वस्त असतो, पण तो न पाहता बरेच कारागीर कॉइल बदलून मोकळे होतात.

तिसरा दाब. दोरी हळू ओढली असता एका जागी हाताला अडथळा जाणवला पाहिजे. दोरी सरसर निघून येत असेल तर रिंग, पिस्टन किंवा व्हॉल्व्हचे काम आहे. इंजिन खोलण्याची वेळ आता आली, आधी नव्हे. टू स्ट्रोकमध्ये सायलेन्सर काढला की पिस्टनवरचे ओरखडे डोळ्यांनी दिसतात. ऑइल न मिसळता नुसते पेट्रोल घातल्याची ती खूण होय. कंपनीने ५०:१ प्रमाण सांगितले असेल तर एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर ऑइल लागते. २५:१ असेल तर ४० मिलिलिटर.

पात्याला हात लावण्यापूर्वी प्लगची टोपी काढणे ही सक्तीची बाब समजावी. फोर स्ट्रोक मशीन आडवे करताना एअर फिल्टरची बाजू वर ठेवावी, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये उतरते.

माल कसा पारखावा

कापड घेताना आपण लेबल वाचून दाम देत नाही; वीण पाहतो, ताणून पाहतो. मशीनचेही तसेच करावे. स्टिकरवर हॉर्सपॉवरचा आकडा मोठा छापणे सोपे असते. त्याऐवजी सीसी विचारावी. १६० सीसीचे साधे फोर स्ट्रोक इंजिन सुमारे साडेचार ते साडेपाच हॉर्सपॉवर देते. त्याच इंजिनावर ७ लिहिले असेल तर दुकानदाराला कारण विचारावे. सिलिंडरला आतून बिडाचे अस्तर आहे का, हेही विचारावे. असे इंजिन रोजच्या कामाला जास्त टिकते.

मशीन थंड असताना सुरू करून दाखवण्यास सांगावे. आपण जाण्यापूर्वी ते तापवून ठेवलेले असेल तर सायलेन्सरजवळ हात नेताच कळते. जुने मशीन घेताना प्लग काढून दोरी सावकाश ओढावी आणि पाते बसवलेल्या दांड्याचे टोक पाहावे. ते डोलत असेल तर दांडा वाकलेला आहे. असा सौदा सोडून द्यावा. ऑइल दुधासारखे पांढरट दिसले तर आत पाणी गेले आहे. शेवटी सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : याचा कार्बोरेटर, दोरीची स्प्रिंग आणि पाते बारामतीला किंवा इंदापूरला मिळते काय? जवळ सुटा भाग मिळत नसेल तर स्वस्त मशीन हंगामाच्या मध्यावर फार महाग पडते.

व्यापाऱ्यांनी अशी यंत्रे विकायला ठेवताना प्लग, फिल्टर, पडदा आणि चावी हे चार भागही दुकानात ठेवावेत. त्यात नफा थोडा असला तरी गिऱ्हाईक परत येते. कारागिरांनी काढलेला खराब भाग गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा आणि मशीन परत करताना एक गोष्ट बजावून सांगावी : हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवून मगच मशीन बाजूला ठेवा. पुढच्या मृगात निम्म्या तक्रारी उद्भवणारच नाहीत.