पियानोवरील रचनेचे काठिण्य : निर्णय आणि अभ्यास

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या प्रचलित परीक्षापद्धतींत पियानोवरील रचना सामान्यतः आठ श्रेणींत व त्यांपुढील पदविकांत विभागल्या जातात. या वर्गीकरणाचा उपयोग निर्विवाद असला, तरी काठिण्य हा केवळ रचनेचा गुण नव्हे. तो रचना आणि वादकाचा हात यांमधील संबंध होय. रायगड जिल्ह्यातील पेण वा रोहे येथे भजनाच्या साथीत पेटीवर हात बसलेला विद्यार्थी पियानोकडे वळला, तर त्याला काय सुलभ व काय दुर्घट वाटेल, याचा विचार केल्यास हे स्पष्ट होते.

पेटी वाजविताना एक हात भात्यावर व दुसरा पट्ट्यांवर असतो. एकाच वेळी दाबलेल्या सर्व पट्ट्यांना हवा सारख्याच दाबाने मिळत असल्यामुळे त्यांतील एखादाच स्वर उठावदार करणे साधत नाही. पियानोत प्रत्येक पट्टीची हातोडी तारांवर स्वतंत्र आघात करते आणि त्या आघाताच्या वेगावर नादाचे मोठेपण ठरते. म्हणून पेटीवादकास स्वर चटकन सापडतात. परंतु डाव्या हाताचे स्वातंत्र्य आणि एकाच हाताच्या बोटांना वेगवेगळे वजन देण्याची शक्ती त्यास नव्याने मिळवावी लागते.

शोपाँच्या १८३३ साली प्रसिद्ध झालेल्या ओपस १० या संग्रहातील तिसरा एत्यूद येथे उदाहरणादाखल घेता येईल. यातील मुख्य सुरावट बहुतांशी उजव्या हाताच्या अनामिका व करंगळी या दुर्बल बोटांकडे असून, हलकी साथ त्याच हाताच्या उरलेल्या बोटांनी करावयाची असते. शोपाँने हस्तलिखितात प्रथम जलद लय लिहिली होती. छापील प्रतीत मात्र ती संथ केली. लय संथ, म्हणून रचना सोपी, असा तर्क येथे फसतो. शिवाय मध्यभागी दोन-दोन स्वरांच्या जोड्या दोन्ही हातांनी आवेशाने वाजवाव्या लागतात. पृष्ठारंभ पाहून रचना निवडणारा विद्यार्थी नेमका या ठिकाणी अडतो.

यास्तव निर्णय सरासरीवरून न करता सर्वांत अवघड स्थळावरून करावा. ते स्थळ निम्म्या लयीत, योग्य बोटांनी, मनगट न आखडता व सुरावट साथीपेक्षा स्पष्ट ठेवून वाजविता येते काय, हे प्रथम पाहावे. काही दिवसांच्या अभ्यासानंतरही ताठरपणा कमी होत नसेल, तर रचना पुढे ढकलणे इष्ट. वेदना होत असल्यास वादन तत्काळ थांबविले पाहिजे. शुमानला उजव्या हाताच्या दुखण्यामुळे तरुणपणीच पियानोवादकाची कारकीर्द सोडावी लागली, हे विसरता कामा नये.

अभ्यासाचा क्रम पेणच्या गणपतीच्या कारखान्यांतील क्रमासारखा असावा. तेथे मूर्ती वाळल्यावाचून रंग चढत नाही आणि डोळ्यांची आखणी अखेरीस, कसलेल्या हाताने होते. येथेही बोटांची योजना प्रथम निश्चित करून प्रतीवर लिहावी. नंतर उजव्या हातातील सुरावट मोठी व साथ अतिमंद, असे दोन-दोन मात्राखंड संथपणे वाजवावेत. डावा हात स्वतंत्रपणे पक्का करावा. त्यानंतरच दोन्ही हात एकत्र आणावेत. लय थोडीथोडी वाढवावी, आणि चूक होताच मागील लयीवर परतावे. पेडल शेवटी घ्यावे. आरंभीच घेतल्यास बोटांतील दोष त्याच्या नादात झाकले जातात. दोन बैठकांमधील विश्रांतीही अभ्यासाचाच भाग होय. वजनरहित पट्ट्यांच्या कीबोर्डवर स्वर पाठ होतील. स्पर्शाचे शिक्षण मात्र वजनदार पट्ट्यांच्या वाद्यावरच होऊ शकते.

तात्पर्य, श्रेणीचा अंक रचनेची इतर रचनांशी तुलना सांगतो. विद्यार्थ्याची सिद्धता सांगत नाही. ती त्याच्या हाताकडे पाहूनच ठरवावी लागते, आणि ते कर्तव्य शिक्षकाचे आहे.